देवी ठाण्याहून आली

केण्यांची माणसं काल्हेरहून अकराला यायची होती आणि सावळाराम तऱ्यांनी सकाळी सहापासूनच घर डोक्यावर घेतलं होतं. पुतणीची, चंद्राची, सुपारी फोडायला त्यांनी मुद्दाम शुक्रवार धरला होता. शुक्रवारी भिवंडीच्या त्या बाजूला वीज बंद असे, माग थांबत, आणि ओरडल्याशिवायही माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येई. एरवी घरामागच्या शेडमधले आठ माग रात्रंदिवस खडखडत, आणि त्या आवाजात कोण काय बोललं हे पुढे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नसे. तऱ्यांच्या घराला एकंदरीत तो आवाज मानवला होता.

शुक्रवार धरायचं खरं कारण मात्र वेगळंच होतं. शुक्रवार हा धाकट्या सुनेच्या, म्हणजे चंद्राच्या आईच्या, गुणाबाईच्या, अंगातल्या देवीचा वार. व्याह्यांवर छाप पाडायला आठ माग होतेच, पण आठ माग गल्लीत पुष्कळांकडे होते. देवी फक्त तऱ्यांकडे होती.

ती कशी आली हे गुणाबाईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पाच वर्षांपूर्वी तिचा मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला. त्यानंतर तिची झोप उडाली, जेवण सुटलं, आणि मागांच्या खडखडाटात तिला मूल रडताना ऐकू येऊ लागलं. पंधरा दिवस ती भिंतीला टेकून बसून होती तोवर कुणाला काही वाटलं नाही. सोळाव्या दिवशी ती शेडमध्ये गेली आणि मूल नीट ऐकू यावं म्हणून तिने मेन स्विच खाली ओढला. आठ माग एका दमात बंद पडले आणि मग मात्र दोन तासांच्या आत इलाज सुरू झाला. शेजारच्या मजीदचा ट्रक दारात आला, सावळाराम पुढे बसले, गुणाबाईला मागे कापडाच्या तागांमध्ये बसवलं, आणि ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन पोचवलं.

तिथे ती आठ महिने होती. गल्लीला सांगितलं, वज्रेश्वरीला देवीच्या सेवेत आहे. परत आली तेव्हा तिचे केस कापलेले होते. सांगितलं, नवस होता. ती कमी बोलायची, पापण्या जड असायच्या, आणि गोळ्यांमुळे हातांना कंप सुटायचा. एका शेजारणीने तो कंप पाहिला आणि सरळ तिचे पायच धरले. सावळाराम ओट्यावरून बघत होते. धंदेवाईक माणूस, फुकट आलेला माल परत करायची त्यांना सवय नव्हती. पुढच्याच शुक्रवारी पाट मांडला गेला, समई आली, आणि महिनाभरात नारळांचा ढीग इतका वाढला की थोरली जाऊ जानकीबाई खोबरं किसून किसून दमली.

गुणाबाईचा देवीवर राग नव्हता. देवीलाही बिचारीला कुणी विचारलं नव्हतं. पण दर शुक्रवारी दोन तास पाटावर बसायचं, कुणी रडत आलं की मान हलवायची आणि पाणवठ्यावर बायकांत बसून हसायचं नाही, कारण देवी अशी खिदळत नसते, याचा तिला कंटाळा आला होता. तिला झोप लागली का, एवढंच कुणी विचारत नसे. देवीला झोप कसली लागायची आहे!

आणि देवीला गोळ्या तरी कशाला? पहिल्याच वर्षी जानकीबाईने पुडीच्या पुडी तळ्यात टाकली, विटाळ नको म्हणून. वीस दिवसांत मागांच्या आवाजात मूल पुन्हा रडू लागलं. तेव्हा मजीदच्या बायकोने, खदीजाने, कुणाला न विचारता इस्पितळाचा कागद उचलला आणि ठाण्याला लेकीकडे जाते सांगून गोळ्या आणल्या. तेव्हापासून दर महिन्याला गोळ्या खदीजाच्या पिशवीतून भाजीखालून येत, आणि चंद्रा त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवी. एवढं त्या तिघींना माहीत होतं. गुणाबाईच्या नवऱ्यालाही, नामालाही, माहीत असावं. पण नामाला जे माहीत असे ते त्याने कुणाला सांगितल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं.

अकराची माणसं साडेबाराला आली. तुळशीराम केणे पुढे, पांढरी टोपी आणि घरच्या भाताच्या गप्पा घेऊन. मागे त्यांची बायको ठकुबाई, आणि तिच्यामागे नवरा मुलगा दौलत. तो सुताला खळ लावायच्या सायझिंगमध्ये ड्युटीला होता. त्याच्या बोटांना खळीचा वास येतो असं चंद्राने आईला एकदा सांगितलं होतं, आणि हे तिला कसं कळलं ते आईने विचारलं नव्हतं. जत्रेत एकदा दिसला, मग दोनदा दिसला, आणि तेव्हापासून ही पोरगी दिवसातून दोन वेळा वेणी घालत होती. अकरावी झालेली, शहाणी मुलगी. या जागी सुपारी फुटली नाही तर ती रडणार नाही, नुसती गप्प होईल, हे गुणाबाईला कळत होतं, आणि गप्प होण्याचीच तिला धास्ती होती.

चहा झाला, पोहे झाले. सावळारामांनी मागांची संख्या तीन वेळा सांगितली आणि तुळशीरामांनी शेताची. लुगडं कुठलं, मानपान किती, वऱ्हाड केवढं, सगळं सुरळीत जमलं. तबकात सुपारी आली, अडकित्ता आला. आता पाच माणसांच्या साक्षीनं सुपारी फोडली की झालं. तेवढ्यात तुळशीराम खाकरले आणि म्हणाले की आमच्या मंडळींना आधी देवीचा कौल घ्यायचा आहे. सावळारामांचा चेहरा असा खुलला की जणू त्यांनीच त्यांना तसं सुचवलं होतं. सुचवलंही असेल.

ठकुबाई पाटासमोर येऊन बसली. उंच, हाडकुळी बाई. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. तिने गुणाबाईची ओटी भरली, पायांवर डोकं ठेवलं आणि ते लवकर उचललंच नाही. मग कौल काही लग्नाचा नाही असं दिसू लागलं. तिची एक मुलगी होती, गोदू, दौलतच्या पाठची. लग्न होऊन दोन वर्षांत परत आलेली. आठ महिने ती झोपत नव्हती, भिंतीशी बोलत होती, आणि अंगावरचं लुगडं फाडत होती म्हणून तिला गोठ्याच्या खांबाला बांधलं होतं. तुळशीराम मध्येच म्हणाले की हे सगळं इथे कशाला. पण ठकुबाई इतकी वर्षं गप्प बसलेली बाई होती, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबायचं कसं हे तिला माहीत नव्हतं. भगताने पाच डाग सांगितले होते, तापल्या विळ्याचे. तीन दिले होते.

"दोन ऱ्हायलेत," ठकुबाई म्हणाली. "पोर आता वरडत पन न्हाय. आई, तू सांग. ते दोन देऊ का?"

शेडमध्ये माग बंद होते, गल्लीत बंद होते, आणि ते वाक्य झाकायला कसलाही आवाज नव्हता. गुणाबाईच्या हातांना कंप सुटला. जमलेल्या बायकांनी लगेच हात जोडले.

सावळाराम पाटाशी वाकून, देवीशी बोलायच्या खास आवाजात म्हणाले की आईने कौल द्यावा, पाहुणे लांबून आलेत. त्यांना तिने नुसती मान हलवायला हवी होती. इकडे जानकीबाई कुंकवाचा करंडा पुढे करायच्या निमित्ताने दुसऱ्या कानाशी आली. जानकीबाई दुष्ट नव्हती, हुशार होती, आणि त्या घरात हुशारीचं बरंचसं काम तिलाच करावं लागे. ती पुटपुटली, देवी म्हणूनच सांग की डाग देऊ नका, ठाण्याला डॉक्टरकडे न्या. म्हणजे पोरही वाचेल, लग्नही होईल आणि घराची अब्रूही राहील.

तोड इतकी चांगली होती की गुणाबाईने तोंड उघडलं सुद्धा. मग तिला ते तळं आठवलं. देवीच्या हुकमानं इस्पितळात गेलेली पोर देवीच्या कृपेनंच बरी होणार, आणि बरी झाली की तिच्या गोळ्या कुणीतरी अशाच तळ्यात टाकणार. पोर पुन्हा भिंतीशी बोलू लागली की पुन्हा विळा तापणार. आणि त्या पोरीला जन्मभर कुणी सांगणार नाही, की असं दुसऱ्या एका बाईलाही झालं होतं आणि ती बाई आता स्वयंपाक करते, भांडते, लेकीची वेणी घालते. गुणाबाईला तर हे सांगणारी त्या आठ महिन्यांत एकच भेटली होती, शेजारच्या खाटेवरची, मुरबाडची एक बाई. तेवढ्यावर ती तगली होती. तिने पाटावरून पाय खाली घेतले.

"देवी न्हाय, ठकुबाय," ती म्हणाली. "मी गुणा हाय. मनाबी तसंच झालं व्हतं. मी वज्रेश्वरीला नव्हते, ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात व्हते. आठ महिने. तिथं बरी झाले."

सावळाराम एक क्षण पांढरेफटक पडले. पण माणूस कसलेला. दुसऱ्याच क्षणी त्यांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की देवी परीक्षा घेते आहे, भक्ताची श्रद्धा पाहते आहे, आई असं कधी कधी बोलते. जमलेल्यांना हे फार पटलं. ठकुबाईने पुन्हा पाय धरले. गुणाबाईने सांगितलं की हा कंप म्हणजे संचार नव्हे, गोळ्यांचा आहे. बायका आणखी वाकल्या. तिने सांगितलं की तिथे सकाळी पाव आणि चहा मिळायचा, दुपारी हातमागावर टॉवेल विणायला बसवायचे. तऱ्यांच्या घरात आठ माग, पण ती विणायला शिकली ती वेड्यांत. कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, ऐका, आई कोड्यात बोलते. पाच वर्षं खोटं सांगताना इतके कष्ट पडले नव्हते जेवढे आता खरं सांगताना पडत होते. गुणाबाईला रडू यायच्या बेतात होतं, आणि रडली असती तर त्यालाही नारळ फुटला असता.

आतल्या खोलीचा पडदा सरकला. नवरी मुलीने बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नसतं, चंद्रा आली. नवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात बिस्किटांचा डबा. सावळारामांनी डोळ्यांनी तिला आत जायला सांगितलं. तिने डबा ठकुबाईच्या पुढ्यात ठेवला, झाकण काढलं, आणि गोळ्यांखालचा घडीचा कागद उलगडला. दौलतकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वाचता आलं नसतं, असं तिने पुढे आईला सांगितलं.

शाळेत धडा वाचावा तसं तिने खणखणीत वाचलं. नाव, गुणाबाई नामा तरे. वय, तेहेतीस. राहणार, भिवंडी. भरती केल्याची तारीख वाचली, घरी सोडल्याची तारीख वाचली. खाली गोळ्यांची नावं इंग्रजीत होती, तीही अडखळत वाचली. रोज रात्री एक, बंद करू नये.

देवीच्या वयाचा आकडा ऐकल्यावर कोपऱ्यातल्या म्हातारीने जोडलेले हात सोडले. बाकीच्यांनी हळूहळू सोडले. तुळशीराम उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले की आम्ही फसवणूक करून घ्यायला आलो नाही, आमचं घर इभ्रतीचं आहे, वेडाच्या रक्ताची मुलगी आम्हाला करायची नाही. गोठ्यात मुलगी बांधून आलेला माणूस हे म्हणाला, आणि त्यात काही चुकतंय असं त्याला मुळीच वाटलं नाही. सावळाराम त्यांच्या मागे लगबगीने गेले. ओट्यावर दोघे इभ्रतीबद्दलच बोलत होते, आणि दोघांचं एकमत होतं.

ठकुबाई उठली नाही. डब्यातली एक गोळी तिने बोटांत धरून उलटसुलट पाहिली.

"तिथं डाग देतात?"

"न्हाय."

"बांधतात?"

"पयल्या दिशी दोघींनी धरलं व्हतं, मी चावत व्हते म्हनून. मंग न्हाय." गुणाबाई म्हणाली आणि तिला थोडं हसू आलं. पाच वर्षांत ती त्या पाटाजवळ पहिल्यांदा हसली. तिने सांगितलं की आधी झोप येते, नुसती झोप, मग एक दिवस भूक लागते. मूल रडायचं थांबत नाही, पण लांब जातं, आणि आपलंच डोकं रडतंय हे आपल्याला कळायला लागतं. शरम वाटते. मग शेजारच्या खाटेवरची बाई आपली गोष्ट सांगते, आणि शरम निम्मी होते. तुझ्या गोदूला अशी गोष्ट कुणी सांगितली का, असं तिने विचारलं. ठकुबाईने पदर तोंडात धरला होता.

मग तो सोडून ठकुबाईने विचारलं की बरं व्हायला आठ महिने लागतात का. हा प्रश्न येईल हे गुणाबाईच्या ध्यानात आलं नव्हतं. याचं उत्तर तिने खदीजालाही दिलं नव्हतं. पण आज काही झाकायचं राहिलं नव्हतं, आणि नामा दाराशी खांबाला टेकून उभा होता.

"तीन महिन्यांत बरी झाले," ती म्हणाली. "डॉक्टर बोलला, जा घरी. तिथं असं सोडत न्हाईत, घरचं कोनी न्यायला यावं लागतं. पाच महिने कोनी आलं न्हाय."

"इस्पितळाची कार्डं आली व्हती," चंद्रा म्हणाली. तिचा आवाज आता धडा वाचल्यासारखा नव्हता. "तीन. पयलं मीच वाचून दाखवलं. काका बोलले, ताईचं लगीन ठरतंय, ते होऊं दे. मी तेरा वर्साची व्हते, आई. मी बोलले न्हाय."

ताई म्हणजे सावळारामांची मुलगी. तिचं लग्न थाटात झालं होतं. बँडबाजा कल्याणहून आणला होता. जानकीबाईने करंडा खाली ठेवला आणि लेकीच्या त्या लग्नात आपण किती नाचलो होतो हे आठवून ती जमिनीकडे बघत राहिली. गुणाबाईने चंद्राला जवळ ओढून बसवलं. लेक हे ओझं पाच वर्षं एकटी वाहत होती आणि आपण तिची वेणी घालत बसलो, हे तिला आता कळत होतं. त्या वेळी अखेर गुणाबाईचा भाऊ राघो पूर्ण्याहून बहिणीला भेटायला म्हणून वज्रेश्वरीला गेला, तिथे ती नाही म्हटल्यावर शोधत शोधत ठाण्याला आला आणि सही करून घेऊन गेला. देवी अशी आली होती.

ओट्यावरून तुळशीरामांनी बायकोला हाक मारली. पुन्हा मारली. ठकुबाईने गोळी डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि हात वाढवून तबकच आपल्यापुढे ओढून घेतलं, सुपारी अन् अडकित्त्यासकट.

"मी यायची न्हाय," ती आतूनच म्हणाली. "पोरगी मना पसंत हाय. माझ्या गोदूचा कागद वाचायला घरात कोनी पायजे. भगताचं आपन सगल्यांनी ऐकलं, कागद वाचनारं कोनी नव्हतं."

तुळशीराम दारात येऊन म्हणाले की लोक काय म्हणतील. ठकुबाईने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा बघावं तसं. ती म्हणाली की मुलीला मंगळवारी ठाण्याला न्यायची, दिवसाउजेडी, गावातून. आणि सुपारी अशी फुटायची नाही. लुगडं ठरलं, मानपान ठरला, आता आणखी एक गोष्ट पाच माणसांत ठरायची.

"डॉक्टर घरी ने म्हनंल त्या दिशी पोरीला न्यायला कोन जानार, ते आदी बोला. मंग फोडा."

सुपारी फोडताना अशी अट तऱ्यांच्या घरात कुणी ऐकली नव्हती. बहुधा भिवंडी तालुक्यातही नसेल. सावळारामांना नगरपालिकेच्या निवडणुकीची आठवण झाली, तुळशीरामांना भाताच्या कापणीची. दौलत सगळ्यांच्या मागे उभा होता. तो पुढे आला, चंद्रासमोर पडलेला कागद उचलला, आणि इस्पितळाचा पत्ता बोट फिरवत वाचला.

"मी जानार," तो म्हणाला. "ड्युटी बदलून घेन."

तुळशीराम तोंडातल्या तोंडात काही बोलले. पण पाच माणसांत मुलगा बोलून गेला होता, आणि त्यांच्यात ते मोडता येत नाही. ते परत येऊन बसले, टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. सावळारामांनी अडकित्ता हातात घेतला. त्यांच्या तोंडावर पुन्हा रंग येऊ लागला होता. बहुतेक, हे सगळं देवीनेच घडवून आणलं असं म्हणायच्या तयारीत ते होते.

तेवढ्यात दाराशी नामा खाकरला. खांब सोडून तो दोन पावलं पुढे आला होता. माणसांत बोलायची सवय नसल्यामुळे त्याने ते जमिनीकडे बघत सांगितलं, की मंगळवारी पाहुण्यांच्या संगतीला तोही ठाण्याला जाईल.

गुणाबाईने मान वर केली. इस्पितळाच्या फाटकाशी पाच महिने रोज चार वाजता बसून तिने याच माणसाची वाट पाहिली होती. पाच वर्षं ती त्याला ताट वाढत होती, आणि आज कुठे तो एक वाक्य बोलला होता. ते बरं वाक्य होतं, हे तिला कळलं. रागही आला, आणि तो तिने दाबला नाही.

"तुमी ऱ्हाऊं द्या," ती म्हणाली. "तुमाला वाट ठाव न्हाय. मी जाते."